पहिला क्रमांक कुणाला? ह्यूस्टन, २००६: मारिओ विल्यम्सच्या निवडीचं प्रकरण

शुक्रवार, २८ एप्रिल २००६. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट दुसऱ्या दिवशी होता. म्हणजे कॉलेजचं फुटबॉल संपवून आलेल्या मुलांना व्यावसायिक संघ पाळीपाळीने उचलणार होते. पहिली पाळी ह्यूस्टन टेक्सन्सची होती आणि त्यांनी दिवस उजाडायचीही वाट पाहिली नाही. संध्याकाळीच त्यांनी जाहीर केलं की खेळाडू ठरला आहे आणि करारही झाला आहे: सहा वर्षं, ५.४ कोटी डॉलर, त्यातले २.६५ कोटी हमीचे. खेळाडू होता नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाचा २१ वर्षांचा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा खेळाडू, मारिओ विल्यम्स.

शहराला हे पचलं नाही, कारण लोकांच्या तोंडी दुसरीच दोन नावं होती. एक रेजी बुश, सदर्न कॅलिफोर्नियाचा रनिंगबॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची २००५ ची हाइस्मन ट्रॉफी त्यालाच मिळाली होती. दुसरा व्हिन्स यंग, खुद्द ह्यूस्टनचा मुलगा. ४ जानेवारीला रोझ बोलच्या अंतिम लढतीत १९ सेकंद उरले असताना त्याने स्वतः चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली होती आणि टेक्सास विद्यापीठाला बुशच्या संघावर ४१-३८ असं जिंकून दिलं होतं. घरचा नायक समोर उभा असताना संघ एका बचावपटूला पहिला मान देतो, हे कुणाच्या गळी उतरेना. शनिवारी चाहत्यांच्या मेळाव्यात या निवडीची हुर्यो उडवली गेली.

‘बुश, यंग की विल्यम्स’ हा वाद पुढे वर्षानुवर्षं चालला. मला त्यात फारसा रस नाही. रनिंगबॅक आणि डिफेन्सिव्ह एंड एकाच तराजूत तोलता येत नाहीत, आणि त्या भांडणात खरा प्रश्न झाकून गेला. त्या वर्षी कॉलेजांतून जे एंड बाहेर पडले, त्यांच्यातला कोण वरच्या पातळीवर टिकेल हे ओळखायचं कशावरून? एकाच ड्राफ्टमध्ये या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरं मिळाली. एक पहिल्या क्रमांकावर, दुसरं १२६ व्या. दोन्ही बरोबर निघाली.

टेक्सन्सना एंड का हवा होता

यासाठी चार वर्षं मागे जावं लागतं. टेक्सन्स २००२ मध्ये लीगमध्ये आले आणि पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर त्यांनी क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा आणि आक्रमण चालवणारा खेळाडू घेतला, डेव्हिड कार. नवा संघ क्वार्टरबॅकपासून उभा करायचा, हा विचार चुकीचा नव्हता. पण त्याच्यापुढची फळी कच्ची होती. त्या मोसमात कारला प्रतिस्पर्ध्यांनी ७६ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडलं. यालाच सॅक म्हणतात, आणि एका मोसमातला तो विक्रम आहे. २००५ मध्ये हा आकडा ६८ होता आणि संघ २-१४ असा तळाला गेला.

आता त्याच २००२ च्या ड्राफ्टची यादी पुढे वाचा. कारनंतर लगेच दुसऱ्या क्रमांकावर कॅरोलिना पँथर्सने ज्युलियस पेपर्स घेतला, नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा, साडेसहा फुटांच्या घरातला एंड. अकराव्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सने ड्वाइट फ्रीनी घेतला. तो जेमतेम सहा फूट एक इंच, पण गिरकी घेऊन बलदंड टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकच्या राखणदाराला, हवेत हात मारायला लावणारा. कोल्ट्स टेक्सन्सच्याच गटात, म्हणजे वर्षातून दोनदा गाठ. फ्रीनी कारच्या मागे लागणार आणि समोरच्या बाजूला कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग निवांत उभा राहून चेंडू फेकणार. २००२ ते २००५ या चार वर्षांत टेक्सन्स कोल्ट्सशी आठ सामने खेळले आणि आठही हरले.

हे ज्यांनी मैदानाच्या कडेवरून पाहिलं, त्यांना चांगल्या एंडची किंमत समजावून सांगायला नको होती. २००६ मध्ये आलेले नवे प्रशिक्षक गॅरी क्युबियॅक बचावाची मांडणीही बदलत होते. आधी पुढच्या फळीत तीन जण असत, आता चार. चारच्या मांडणीत दोन्ही टोकांच्या एंडनाच क्वार्टरबॅकवर धावून जायचं असतं. संघाकडे तसा माणूस नव्हता.

संघाच्या बाजूने आणखी एक कारण दिलं जाई, आणि ते मला लंगडं वाटतं: ‘आपल्याकडे रनिंगबॅक आहे.’ डोमॅनिक डेव्हिसने दोन मोसमांत हजाराच्या वर यार्ड काढले होते हे खरं, पण त्याचा गुडघा दुखावलेला होता. २००५ नंतर तो एकही सामना खेळू शकला नाही. निवड बरोबर ठरली म्हणून तिच्यामागचं प्रत्येक कारण बरोबर ठरत नाही.

या जागेवर नेमकं पाहायचं काय

डिफेन्सिव्ह एंड फळीच्या टोकाला उभा राहतो. त्याच्यासमोर साधारण १४० किलोचा टॅकल असतो आणि त्या टॅकलच्या मागे क्वार्टरबॅक. चेंडू मागे आला की तो हातातून सुटेपर्यंत अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात त्या डोंगराला बाहेरून वळसा घालायचा, त्याला मागे रेटत न्यायचं किंवा आतून निसटायचं. चेंडू घेऊन कुणी बाहेरच्या बाजूने धावू लागला तर टोकाचा दरवाजाही यानेच बंद ठेवायचा. कबड्डीत कोपऱ्याचा खेळाडू आत खेचला गेला की चढाईपटूला मोकळं मैदान मिळतं. इथेही तसंच होतं.

कॉलेजचे सॅक मोजून या कामाचा अंदाज येत नाही. एक सॅक म्हणजे टॅकलला सरळ हरवून घेतलेला बळी असू शकतो. दुसरा असा असतो की समोर कुणी अडवायलाच आलं नाही. तिसऱ्यात मागच्या बचावपटूंनी सगळे चेंडू घेणारे झाकून टाकलेले असतात, क्वार्टरबॅक पाच सेकंद ताटकळतो आणि एंड सावकाश पोहोचतो. कागदावर तिघांची नोंद सारखी. म्हणून स्काउट, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणारा, प्रत्येक सॅकची चित्रफीत मागे-पुढे करून पाहतो. पहिलं पाऊल चेंडूबरोबर पडलं का? वळताना घोटा आणि कंबर वाकली की तो उभाच्या उभा लांब फेरी मारत गेला? टॅकलचे हात छातीवर येण्याआधी याचे हात चालले का? पहिला डाव फसला तर दुसरा होता का? यातलं वाकणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते शिकवून फारसं येत नाही. हात चालवायला शिकवता येतात, डाव शिकवता येतात. कोपऱ्यावर वेग न घटवता जमिनीशी कलून वळणं बहुतेकांना जन्मतः येतं किंवा येतच नाही.

सॅकच्या आकड्यांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. कॉलेज पातळीवर बचावाची अधिकृत नोंद ठेवायला एनसीएएने, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या संघटनेने, सुरुवात केली ती २००० मध्ये. म्हणजे २००६ चे निवड करणारे लोक ज्या आकड्यांशी तुलना करत होते, ती परंपराच पाच-सहा वर्षांची होती. त्यामुळे आकड्यांपेक्षा डोळ्यांवर भिस्त जास्त.

विल्यम्सची बाजू, आणि त्यातल्या शंका

शरीर आधी. उंची सहा फूट सात इंचांना किंचित कमी, वजन २९५ पौंड, म्हणजे सुमारे १३४ किलो. इंडियानापोलिसमध्ये दर फेब्रुवारीला होणाऱ्या चाचण्यांत, ज्यांना कंबाइन म्हणतात, त्याने ४० यार्डांचं अंतर सुमारे ४.७ सेकंदांत कापलं. जागेवरून उडी ४०.५ इंच, म्हणजे मीटरभराहून जास्त. उताणं पडून २२५ पौंडांचं वजन ३५ वेळा उचललं. तीन शंकूंभोवती वळसे घेत पळायची चाचणी असते. तिच्यात वाकण्याचा थोडा अंदाज येतो, आणि त्याला लागले सुमारे ७.२ सेकंद. हलक्या खेळाडूसाठी हा वेळ साधारण धरला असता. १३४ किलोच्या माणसाने तो दिला म्हटल्यावर बघणारे चमकले. साहजिकच तुलना झाली ती पेपर्सशी. तेच राज्य, तीच चण, चार वर्षांपूर्वी ह्यूस्टनला हुकलेला मासा.

मैदानावरची नोंदही हलकी नव्हती. २००५ मध्ये १४.५ सॅक (अर्धा सॅक म्हणजे दोघांनी मिळून पाडलेला) आणि तीन वर्षांत एकूण २५.५, विद्यापीठाचा तेव्हाचा विक्रम. पण इथेच पहिली शंका आहे. पहिल्या दोन मोसमांत मिळून ११ आणि शेवटच्या एकट्या मोसमात १४.५. हा मुलगा पिकत गेला, की एकच वर्ष त्याला चांगलं फळलं? दुसरी शंका जोडीदारांची. त्याच फळीतले आणखी दोघं त्या ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेले: मॅनी लॉसन २२ व्या आणि जॉन मॅकार्गो २६ व्या क्रमांकावर. शेजारी असे दोन जण असताना समोरचा संघ एकावरच दोन-दोन माणसं लावू शकत नाही, म्हणजे विल्यम्सला एकास एक झुंजी जास्त मिळाल्या असणार. उलटही म्हणता येतं: तिघांत सॅक वाटले गेले, एकटा असता तर आणखी मिळाले असते. हे कोडं आकड्यांतून सुटत नाही. प्रत्येक डावात त्याला किती जण अडवत होते, ते चित्रफीत लावून मोजावं लागतं.

तिसरी शंका सगळ्यात बोचरी होती. काही डावांत तो अंग चोरून खेळतो, असं बरेच जण म्हणत. मोठ्या देहाच्या एंडवर हा आरोप नेहमीच होतो, आणि मला वाटतं तो दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो. दमल्यामुळे मंदावणं एक आणि चेंडू दुसऱ्या बाजूला गेला म्हणून पाय ओढणं दुसरं. पहिल्यावर व्यायाम आणि आलटूनपालटून खेळवणं हा उपाय आहे. दुसरा स्वभाव आहे. १३४ किलोचा माणूस साठ-सत्तर डाव सगळा जोर लावून खेळेल ही अपेक्षाच अवास्तव. स्काउटने पाहायचं ते हे की तिसऱ्या डावाला (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींतल्या तिसऱ्या संधीला), सामना अडलेला असताना, तो कसा सुटतो. टेक्सन्सचे महाव्यवस्थापक चार्ली कॅसर्ली आणि क्युबियॅक यांनी या शंका जमेस धरूनही त्यालाच घेतलं. इतकं मोठं, इतकं चपळ शरीर दर वर्षी येत नाही आणि क्वार्टरबॅक तर अधूनमधून मिळतच असतो, असा हा हिशेब असणार. मला तो पटतो.

१२६ वा क्रमांक

आता दुसरं टोक. एल्व्हिस डूमरव्हिल, लुईव्हिल विद्यापीठ. २००५ मध्ये २० सॅक, देशात सर्वाधिक. १० वेळा त्याने प्रतिस्पर्ध्याच्या हातातून चेंडू सोडवला. केंटकीविरुद्धच्या एकाच सामन्यात सहा सॅक. सर्वोत्तम बचावपटूची नागुर्स्की ट्रॉफी आणि सर्वोत्तम एंडचा हेंड्रिक्स पुरस्कार, दोन्ही त्याच वर्षी त्याला मिळाले. म्हणजे देशातला सर्वोत्तम एंड म्हणून ज्याचा सत्कार झाला, तो मुलगा ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीपर्यंत बसून राहिला. कारण उंची. पाच फूट अकरा इंच.

उंचीची अट खुळी नाही. साडेसहा फुटी टॅकलचे लांब हात आधी पोहोचले की आखूड एंड अडकतो, आणि उंच क्वार्टरबॅकचा चेंडू त्याच्या डोक्यावरून सहज जातो. पण उंची मोजली जाते टाचेपासून टाळूपर्यंत, आणि टाळूने कुणी टॅकलला ढकलत नाही. डूमरव्हिलचे हात त्याच्या उंचीच्या मानाने खूप लांब होते. म्हणजे ज्या कामासाठी उंची हवी असते, ते काम त्याचे हात करतच होते. वर बुटकेपणाचा फायदा: टॅकल खाली वाकायला लागेपर्यंत हा त्याच्या काखेखालून गेलेला असे. पैलवानाला विचारा, खालून धरलेला माणूस उचलणं सोपं की वरून धरलेला.

इथे स्काउटिंगचं अपयश सरळ दिसतं. टेप सगळ्यांनी पाहिली होती, आकडे सगळ्यांना ठाऊक होते. तरी जी मोजणी सोपी आहे, उंचीची, तिच्यापुढे बाकी सगळं गप्प झालं. टेक्सन्सनेही १२६ व्या क्रमांकाच्या आधी पाच वेळा इतर खेळाडू घेतले. शेवटी डेन्व्हर ब्रॉन्कोजने त्याला उचललं, आणि त्यांनीसुद्धा आधी तिघांना घेऊन मग.

या दोघांच्या मध्ये त्या वर्षी आणखी एक एंड होता ज्याकडे मी आवर्जून बोट दाखवतो: पेन स्टेटचा तांबा हाली, २० व्या क्रमांकावर कॅन्सस सिटीकडे. उडी, धाव यांत विशेष काही नाही. हात मात्र विलक्षण, टॅकलचे पंजे झटकत जायचा. त्याने अख्खी कारकीर्द एकाच संघाकडे काढली आणि ८९.५ सॅक घेतले. उलट नॉर्थ कॅरोलिना स्टेटचाच लॉसन वाऱ्यासारखा पळायचा, पण सॅकचा माणूस तो कधीच झाला नाही.

पुढे काय झालं

पहिला मोसम विल्यम्ससाठी कठीण गेला. तळपाय सुजलेला, तसाच तो खेळत राहिला. सॅक ४.५. आणि १० डिसेंबर २००६ ला ह्यूस्टनच्याच मैदानावर जादा वेळेत व्हिन्स यंगने ३९ यार्ड धावून टेनेसीला सामना जिंकून दिला. ज्यांनी हुर्यो केली होती, त्यांना आणखी काय हवं होतं? यंग त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक ठरला, बुशने न्यू ऑर्लिन्सकडून ८८ चेंडू झेलले. निवड फसली, असं छापून आलं. एंडला वरच्या पातळीवर रुळायला दुसरा मोसम लागतो, पहिल्या वर्षी त्याचे कॉलेजचे डाव चालेनासे होतात आणि नवे अजून अंगवळणी पडलेले नसतात. हे सांगून कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हतं.

२००७ मध्ये पाय बरा झाला आणि सॅक आले १४. १३ डिसेंबरला डेन्व्हरविरुद्ध एकट्याने साडेतीन. डूमरव्हिल त्या रात्री समोरच्या संघात होता, आणि त्याच्याही खात्यावर त्या मोसमात १२.५ जमा झाले. पहिल्या क्रमांकाचा आणि १२६ व्या क्रमांकाचा एंड, दोघंही दुसऱ्याच वर्षी लीगमधल्या चांगल्यांत. २००८ मध्ये विल्यम्सचे १२. २०११ ला बचाव पुन्हा तीनच्या मांडणीत गेला आणि त्याला फळीमागे उभं केलं गेलं. पाच सामन्यांत पाच सॅक घेतल्यावर छातीचा स्नायू फाटला. त्याच वर्षी टेक्सन्सने अकराव्या क्रमांकावर जे. जे. वॉट घेतला होता, आणि संघ पहिल्यांदा बाद फेरीत गेला तो विल्यम्सशिवाय. मार्च २०१२ मध्ये बफेलो बिल्सने त्याला त्या काळातला बचावपटूसाठीचा सर्वांत मोठा करार दिला. तिथे १०.५, १३ आणि १४.५ असे तीन मोसम. शेवटच्या मोसमासाठी, म्हणजे २०१४ साठी, त्याला लीगच्या सर्वोत्तम संघात स्थान मिळालं. २०१५ मध्ये नव्या प्रशिक्षकांनी त्याला वारंवार मागे सरकून चेंडू घेणाऱ्यांना झाकायला लावलं आणि आकडा पाचवर आला. एकूण सॅक ९७.५.

डूमरव्हिलने २००९ मध्ये १७ सॅक घेऊन लीगमध्ये पहिला नंबर पटकावला, पुढे बाल्टिमोरकडून २०१४ मध्येही १७. एकूण १०५.५. मोजक्या आठ सॅकनी का होईना, १२६ वा पहिल्याच्या पुढे गेला.

मग टेक्सन्स चुकले का? नाही, आणि हे मी ठामपणे म्हणतो. बुश न्यू ऑर्लिन्समध्ये एकाही मोसमात धावून हजार यार्ड गाठू शकला नाही. यंगचा शेवटचा एनएफएल सामना २०११ मधला. पण निवडीचा न्याय पुढच्या कारकिर्दींवरून करायचा नसतो, त्या संध्याकाळी समोर जे होतं त्यावरून करायचा असतो, आणि त्या संध्याकाळी गट कोल्ट्सचा होता, मांडणी चारची होती आणि समोर दशकात एखादाच येणारा देह होता. चूक असेल तर ती पाच वेळा डूमरव्हिलला सोडण्यात, आणि ती चूक बत्तीसही संघांची होती. विल्यम्समध्ये त्यांनी शरीर पाहिलं आणि कामगिरीतल्या खाचाखोचांकडे समजून दुर्लक्ष केलं. डूमरव्हिलमध्ये कामगिरी दिसत असूनही शरीरातल्या एका आकड्यावर अडून बसले. पहिल्या वेळी त्यांनी विचारलं, हा काय करू शकेल? दुसऱ्या वेळी विचारायला हवं होतं, हा जे करतो ते वरच्या टॅकलसमोर थांबेल कशामुळे? थांबेल असं काही टेपमध्ये नव्हतं.

त्याच २००६ च्या ड्राफ्टमध्ये ३३ व्या क्रमांकावर टेक्सन्सने अलाबामाचा लाइनबॅकर, म्हणजे फळीमागचा बचावपटू, डीमेको रायन्स घेतला होता, जो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. २०२३ मध्ये तोच रायन्स टेक्सन्सचा मुख्य प्रशिक्षक म्हणून परत आला. त्या एप्रिलमध्ये संघाने दुसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेतला आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसरा क्रमांक मिळवला. बदल्यात दिलेल्या निवडींत त्या वर्षीचा ३३ वा क्रमांकही होता. तिसऱ्या क्रमांकावर नाव पुकारलं गेलं अलाबामाच्या विल अँडरसनचं. उंची साडेसहा फुटांहून कमी, वजन सुमारे ११५ किलो, आणि तीन कॉलेज मोसमांत ३४.५ सॅक.